तेरा दिवस आणि अठ्ठावीस महिने

२४ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसी बँकेच्या खातेदारांना मोबाइलवर संदेश आला. रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ अ खाली निर्बंध घातले होते आणि खात्यातून हजार रुपये काढायची मुभा ठेवली होती. पहिल्यांदा वाचताना कुणालाही वाटावे, दिवसाला हजार. मग वाटावे, महिन्याला असतील. ते सहा महिन्यांचे मिळून हजार होते. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या नावाने आलेल्या त्या संदेशात त्यांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली होती आणि सहा महिन्यांच्या आत सारे सुरळीत करून देण्याची हमीही दिली होती. पुढच्या पंधरवड्यात ते गृहस्थ अटकेत होते, आणि सहा महिन्यांचे पुढे अठ्ठावीस महिने झाले.

या बँकेत माझे खाते नव्हते. तरी तेव्हापासून मी त्या प्रकरणाची कात्रणे ठेवत आले आहे, कारण आमच्या सोसायटीची खजिनदारी माझ्या गळ्यात आहे. खजिनदार बाईला बँक बुडाल्याची बातमी वाचताना जो घाम फुटतो तो इतरांना फुटत नाही. स्वतःचे पैसे गेले तर माणूस नशिबाला बोल लावतो. सोसायटीचे गेले तर लिफ्टमध्ये रोज कुणी ना कुणी भेटतेच.

पीएमसी लहान नव्हती. १९८४ साली सायनमधल्या एका शाखेने सुरुवात झालेली ही बँक २०१९ पर्यंत अनेक राज्यांत १३७ शाखांवर पोहोचली होती. ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या पुढे. मार्च २०१९ ला संपलेल्या वर्षाचा नफा ९९ कोटी ६९ लाख. थकीत कर्जे चार टक्क्यांच्याही आत. कुणी विचारले असते, की ही बँक चांगली का हो, तर हा ताळेबंद पाहून मीही मान डोलावली असती. ताळेबंद वाचायला शिकलेल्या माणसाची ही एक पंचाईतच असते. त्याला कागद वाचता येतो, आणि कागदच खोटा असला तर तो इतरांपेक्षा जास्त विश्वासाने फसतो.

कर्जवाटपाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग, सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएल आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांकडे, गेला होता. त्या समूहाने हप्ते थकवले, तरी बँकेने ती खाती थकीत दाखवली नाहीत. दाखवली असती तर दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळावा लागला असता. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जी तक्रार झाली तिच्यात आकडा आहे २१,०४९ खात्यांचा. ४४ खरी कर्जखाती झाकण्यासाठी एकवीस हजार खोटी खाती. बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत ती नव्हतीच. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांपुढे जी यादी ठेवली जायची तेवढ्या यादीत ती नांदत होती.

या आकड्यापाशी मी दरवेळी थांबते. एकवीस हजार नावे आपोआप तयार होत नाहीत. प्रत्येकीपुढे रक्कम लागते, तारीख लागते, आणि सगळ्यांची बेरीज नेमकी तेवढीच यावी लागते. हे काम कुणीतरी खुर्चीत बसून, मध्ये चहा पिऊन, संध्याकाळी लोकल पकडून घरी जात, वर्षानुवर्षे केले असणार. खोटेपणालाही किती कारकुनी लागते! पुढे बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला माहिती दिली, असे तेव्हा छापून आले. एवढ्या लेखापरीक्षकांना आणि तपासनिसांना जे दिसले नाही ते टेबलापलीकडच्या माणसांना ठाऊक होते.

मग सुरू झाला सुटकेचा तो लांबलचक कार्यक्रम. हजाराचे दहा हजार झाले, मग पंचवीस, मग चाळीस, नोव्हेंबरमध्ये पन्नास. मे महिना उलटून २०२० चा जून उजाडला तेव्हा एक लाख. मध्ये विधानसभेची निवडणूक आली. १० ऑक्टोबरला केंद्रीय अर्थमंत्री मुंबईत होत्या, ठेवीदारांनी त्यांना गाठले. सहकारी बँकांचे नियमन रिझर्व्ह बँक करते, सरकारचा थेट संबंध नाही, तरी गव्हर्नरांशी बोलते, असे त्या म्हणाल्या. हे उत्तर कायद्याला धरून होते. १९६६ पासून नागरी सहकारी बँकांवर दोन मालक होते. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे, आणि संस्था म्हणून जे काही होते, म्हणजे निवडणूक, संचालक मंडळ, व्यवस्थापन, ते सहकार निबंधकाकडे. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला इतकी सोयीची रचना दुसरी सापडणार नाही. त्याच काळात ठेवीदारांच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. कुणाच्या औषधोपचाराला पैसे नव्हते, कुणी धसका घेतला. त्यांतल्या कोणत्या मृत्यूला बँक कारण होती, हे मी ठरवू शकत नाही. पण ज्या माणसाची आयुष्यभराची पुंजी शटरमागे आहे त्याच्या छातीत दुखते तेव्हा त्याला डॉक्टरांनी काय सांगावे?

आणि मग आला मार्च २०२०. तारीख ५, संध्याकाळ. येस बँकेवर स्थगिती, खातेदाराला पन्नास हजारांची मर्यादा. येस बँकेच्या आधारावर चालणारे फोनपे रातोरात ठप्प झाले, आणि आदल्या दिवसापर्यंत सहकारी बँकेच्या खातेदारांना ‘जास्त व्याजाचा मोह नडला’ म्हणणारी तरणीताठी पोरे हातात मोबाइल घेऊन हवालदिल झाली. पण इथे कार्यक्रम वेगळा ठरला. दुसऱ्याच दिवशी पुनर्रचनेचा मसुदा बाहेर आला. स्टेट बँक पुढे झाली, तिच्यामागे आयसीआयसीआय, अॅक्सिस, कोटक अशा खासगी बँका आणि गृहकर्ज देणारी एचडीएफसी कंपनी रांगेत उभ्या राहिल्या. १८ मार्चला संध्याकाळी सहा वाजता स्थगिती उठली. एकूण तेरा दिवस. फटका बसला तो भागधारकांना, आणि एटी-१ नावाच्या जोखमीच्या रोख्यांत पैसे घातलेल्यांना. त्यांचे ८,४१५ कोटी एका फटक्यात शून्य झाले. ठेवीदाराचा एक रुपया गेला नाही.

तेव्हा पीएमसीच्या ठेवीदारांना सहावा महिना लागलेला होता.

मी उगीच रडगाणे गाणार नाही. येस बँकेत लाख कोटींहून जास्त ठेवी होत्या. ती बसली असती तर दुसऱ्या चार खासगी बँकांच्या दारातही रांगा लागल्या असत्या. तिला तातडीने वाचवणे शहाणपणाचे होते, आणि ते चोख झाले. पण त्यामुळेच एक सबब कायमची निकालात निघाली. बँक वाचवणे किचकट असते, वेळ लागतो, धीर धरा, ही ती सबब. वेळ लागत नाही. कुणाला किती घाई आहे त्यावर वेळ ठरतो. बुडणारा मोठा असला की काठावरच्यांनाही बुडायची भीती वाटते, आणि ते धावत सुटतात. लहान बुडाला तर काठावरचे समिती नेमतात.

आमच्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आठवते का? १९३६ ची, पश्चिम महाराष्ट्रातल्या मास्तरांपासून उसाच्या बागाईतदारांपर्यंत सगळ्यांची. २ सप्टेंबर २००६ ला, ऐन गणपतीत, तिच्यावर स्थगिती आली. तिकडच्या नातेवाइकांकडे त्या वर्षी आरतीनंतर प्रसाद वाटताना दुसरा विषय नव्हता. कोण घेणार, किती दिवस लागणार, पैसे मिळणार का. दहा-बारा दिवसांत कळले की आयडीबीआय घेणार, आणि ३ ऑक्टोबरला विलीनीकरण झालेसुद्धा. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. ठेवी सुरक्षित राहिल्या, भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. साताऱ्याची पाटी गेली याची हळहळ आजही जुनी माणसे करतात, पण ती हळहळ पाटीची आहे, पैशांची नाही. त्याआधी १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कऱ्हाड आडवी झाली होती, तीही पुढे बँक ऑफ इंडियात गेली. या दोन्ही बँका कंपनी कायद्याखालच्या होत्या, सहकारी नव्हत्या. सरकारी बँकेच्या पदराखाली त्यांना घेणे एका सहीचे काम होते.

सहकारी बँकेचे तसे नाही. पुण्याच्या रुपी बँकेचेच बघा. १९१२ ची बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले. विलीनीकरणाच्या बोलण्या झाल्या, फिसकटल्या, पुन्हा झाल्या. निर्बंधांना मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये परवानाच रद्द. साडेनऊ वर्षे! एवढ्या काळात पहिलीतले पोर दहावीला बसते.

ठेव विमा हा या सगळ्यातला खरा टेकू, आणि त्याच्या जन्मातही महाराष्ट्र आहे. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलई सेंट्रल बँक अशा दोन बँका कोसळल्या. त्यानंतर घाईने कायदा झाला आणि १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. अमेरिकेपाठोपाठ अशी सोय करणारा आपला देश. सुरुवातीला १,५०० रुपये. मग पाच हजार, दहा, वीस, तीस. १९९३ मध्ये एक लाख. आणि मग ती सुई सत्तावीस वर्षे एक लाखावर अडकली. पीएमसीच्या रांगा टीव्हीवर दिसल्या, येस बँकेची कुणकुण लागली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये लाखाचे पाच लाख झाले. आणखी एक गंमत सांगते. विम्याचा हप्ता बँक भरते, २०२० मध्ये तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला बारा पैसे झाला, आणि तो संपूर्ण ठेवींवर भरावा लागतो. विमा मात्र माणशी पाच लाखांपर्यंतच.

हे ‘माणशी’ प्रकरण मला सभेत समजावून सांगावे लागले. ती सभा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पीएमसीचा गलका विरल्यावर काही वर्षांनी आमच्या सोसायटीचा निधी ज्या नागरी सहकारी बँकेत होता तिच्यावर तेच कलम लागले. नाव घेत नाही. लहान बँक, आसपासच्या उपनगरांतली. सहकार कायद्याच्या कलम ७० ने सोसायटीने पैसे कुठे ठेवावेत याला चौकट घालून दिलेली आहे, त्यामुळे सहकारी सोसायटीचा पैसा सहकारी बँकेत हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. शाखा कोपऱ्यावर, व्यवस्थापक ओळखीचे, चेकबुक संपले तर शिपाई घरी आणून देणार. नेमके त्याच वेळी इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचे काम काढले होते. बाहेरचे प्लास्टर, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पाइप बदलायचे. परांची बांधून झाली होती. एका बाजूचे प्लास्टर ठोकून पाडले होते. कंत्राटदाराचा दुसरा चेक मी सही करून ठेवला होता, आणि त्याच दिवशी शटरला ए-फोर कागदावर छापलेली इंग्रजी नोटीस चिकटली.

शटर अर्धे उघडे होते. आत दिवे, संगणक, माणसे, सगळे जागच्या जागी. बँक बुडते म्हणजे काय होते याचे माझ्या मनात काहीतरी भव्य चित्र होते. प्रत्यक्षात काउंटरवरची मुलगी पासबुक भरून देत होती. प्रिंटर कुरकुरत होता, नोंदी अगदी बरोबर उमटत होत्या. शिल्लक होती. ती काढता येत नव्हती, इतकेच. मुलीचे डोळे सुजलेले. तिचा पगार त्याच बँकेत जमा व्हायचा आणि तिच्या सासऱ्यांची ग्रॅच्युइटी तिनेच आग्रहाने तिथे ठेवायला लावली होती, हे मला नंतर कळले. बाहेर रांगेतले लोक तिच्यावर ओरडत होते. मीही दोन शब्द बोललेच.

सगळ्यांत हाल झाले पिग्मीवाल्याचे. हा माणूस वर्षानुवर्षे आमच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायचा. भाजीवाल्या, इस्त्रीवाला, पानवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांकडून पन्नास-शंभर रुपये गोळा करून मशिनीतून पावती फाडून द्यायचा. त्या बायकांनी बँकेचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यांची बँक म्हणजे हाच. ‘दादा, तूच नेलेस ना पैसे, मग तूच आणून दे,’ असे एक भाजीवाली त्याला भर रस्त्यात म्हणाली. तिच्या बाजूने पाहिले तर त्यात चुकीचे काही नव्हते. त्याने काही दिवस रस्ता बदलला. पुढे तोच त्यांच्या घरोघरी जाऊन विम्याचे दावे भरायला मदत करू लागला. आधारची झेरॉक्स, दुसऱ्या बँकेतले खाते, संमतीपत्रावर अंगठा. दुसरे खाते नसलेल्यांची जनधन खाती शोधून काढली. त्या कामाचे त्याला कुणी पैसे दिले नाहीत. बँका वाचवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात येतात, याचे येण्यातले नव्हते.

तर सभा. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, डोक्यावर बांबू, बांबूंवर हिरवी जाळी. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. ‘मॅडम, घाबरायचं काय? छप्पन्न घरं आहेत. छप्पन्न गुणिले पाच लाख.’ टाळ्या पडायच्या आत मला उठून सांगावे लागले की विम्याच्या हिशेबात सोसायटी हा एकच ठेवीदार आहे. छप्पन्न घरे, दोनशे माणसे, पन्नास वर्षांची इमारत, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, सगळे मिळून पाच लाख. मुद्दल आणि व्याज धरून. ती शांतता मला अजून ऐकू येते. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. ते आयुष्यभर विमा कंपनीत होते. म्हणाले, ‘आणि घरच्या खात्यांचं सांगा की. मी आणि ही, असं संयुक्त खातं वेगळं धरतात. ही आणि मी, असं दुसरं वेगळं. नावांचा क्रम बदलला की नवा ठेवीदार.’ हे खरे आहे. लगेच चार बायका आपापल्या नवऱ्याकडे वळून विचारू लागल्या की आपल्या खात्यात पहिले नाव कुणाचे. सभेचे पुढचे पाऊण तास त्यातच गेले.

आमच्या नशिबाने कायदा तोवर बदलला होता. २०२१ मधल्या दुरुस्तीने कलम १८ अ आले. बँकेवर निर्बंध लागले की नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराच्या हातात पडली पाहिजे. आधी परवाना रद्द होऊन अवसायक, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमला जाईपर्यंत विमा मिळतच नसे, आणि रुपी बँकेसारख्या ठिकाणी त्याला वर्षे लागत. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उन्हातान्हात उभे राहिले नसते तर ही दुरुस्ती आज झालेली नसती, असे माझे मत. आमच्या भाजीवालीला तिचे पैसे तीन-साडेतीन महिन्यांत मिळाले. त्यामागे कोणत्या तरी दुसऱ्या बँकेतल्या, दुसऱ्या भाषेतल्या ठेवीदारांची दोन वर्षे आहेत, हे तिला ठाऊक असायचे कारण नाही.

पण विम्याच्या वरचे काय? काकांनी तेव्हा पीएमसीच्या सुटकेची योजना छापून आणली आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरली. ‘वहिनी, आपली बँक कुणी घेतलीच तर असंच करतील. वाचून ठेवू.’ २५ जानेवारी २०२२ ला केंद्र सरकारने ती मंजूर केली होती. बँक घेतली युनिटी स्मॉल फायनान्स बँकेने. सेंट्रम समूह आणि भारतपेवाल्यांनी मिळून काढलेली ही बँक तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. तान्ह्या बाळाच्या मांडीवर आजोबांना बसवावे, तसा प्रकार. त्यातही आजोबांची नेटवर्थ, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ते, सुमारे ५,८५० कोटींनी उणे! दुसरे कुणी पुढे आले असते तर कदाचित अटी बऱ्या मिळाल्या असत्या, पण जाहिरात देऊन, अर्ज मागवून जे आले त्यांतलेच हे. म्हणून युनिटीला मी नावे ठेवणार नाही. त्यांनी खड्डा खणला नव्हता.

योजना अशी. पाच लाखांपर्यंतचे पैसे ठेव विमा महामंडळाकडून लगेच. पुढे वैयक्तिक ठेवीदाराला पहिल्या वर्षाअखेर पन्नास हजार, दुसऱ्या वर्षाअखेर पन्नास हजार, तिसऱ्याला एक लाख, चौथ्याला अडीच, पाचव्याला साडेपाच. बेरीज पंधरा लाख. त्याहून जास्त असतील तर उरलेले दहा वर्षांनी. मार्च २०२१ नंतरचे व्याज नाही, योजना लागू झाल्यावर पाच वर्षांनी पुढे वर्षाला पावणेतीन टक्के. संस्थात्मक ठेवीदारांचे याहून वेगळे. त्यांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ऐंशी टक्क्यांचे एक टक्का लाभांशाचे कायमस्वरूपी प्रेफरन्स शेअर, आणि वीस टक्क्यांचे इक्विटी वॉरंट, म्हणजे पुढे शेअर मिळण्याचा हक्क. ठेव ठेवायला गेलेली संस्था बँकेची भागीदार होऊन परत आली. विमा महामंडळालाही त्याचे पैसे परत मिळायचेत, त्याला वीस वर्षांची मुदत.

काकांनी पेन्सिलने मांडले. पंचवीस लाख ठेवलेला माणूस. २०१९ साली सत्तर वर्षांचा धरू. जानेवारी २०२७ पर्यंत पंधरा लाख हातात. उरलेले दहा जानेवारी २०३२ मध्ये. ‘ब्याऐंशी वर्षांचा होईल,’ काका म्हणाले, ‘आणि त्याच्या दहा लाखांचं काय येईल तोवर?’ मी कॅल्क्युलेटर काढला. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर एवढ्या काळात पैशाची किंमत निम्म्याने उतरते. कागदावर ठेवीदाराचा एकही पैसा बुडालेला नाही. सरकार खरे बोलते, रिझर्व्ह बँक खरे बोलते, नवी बँक खरे बोलते. फक्त बँकेच्या पोटातला तो खड्डा भरायला जे भांडवल लागले त्यातला मोठा वाटा ठेवीदारांच्या बिनव्याजी वर्षांचा होता. येस बँकेत तो खड्डा स्टेट बँकेने आणि रोखेवाल्यांनी भरला. इथे सत्तरीतल्या माणसाने भरला, आणि त्याला कुणी गुंतवणूकदार म्हटले नाही.

सुटका ज्याच्या पैशाने झाली त्याचे नाव योजनेत लिहावे, एवढी तरी माझी अपेक्षा आहे. बाकी कायदे बरेच सुधारले, हेही कबूल करायला हवे. २०२० मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांच्या व्यवस्थापनात थेट हात घालता आला. एका कर्जदार समूहाला किती द्यायचे ती मर्यादा आवळून टियर-१, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या पंचवीस टक्क्यांवर आणली. पण २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. एकवीस हजार खाती वगैरे कलाकुसर नाहीच. तिजोरीत जेवढी रोकड असायला हवी तिच्यात १२२ कोटींची घट, असा आरोप. म्हणजे नियमन संगणकाच्या यादीपर्यंत पोहोचले, तर पैसा म्हणे तिजोरीतून गेला. तरी तिथे एक गोष्ट झाली. दोन आठवड्यांत पंचवीस हजारांपर्यंत पैसे काढता आले, आणि ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेने ती बँक सामावून घेतली. सहा महिन्यांच्या आत. ठेवीदारांचे पैसे शाबूत. पीएमसीच्या संदेशात जी मुदत सांगितली होती ती इथे पाळली गेली, तेही संदेश न पाठवता. एक सहकारी बँक दुसरीला उचलून धरू शकते, आणि सरकारी बँकेच्या पदराची दरवेळी गरज नसते, हे त्यातून दिसले. अर्थात प्रत्येक गावाला सारस्वत कुठून आणायची?

आमच्या बँकेला अजून कुणी घेतलेले नाही. विम्याचे पाच लाख सोसायटीला आले, कंत्राटदाराने तेवढ्यात गच्ची करून दिली. परांची एक अख्खा पावसाळा उभी राहिली. ज्यांच्या खिडक्या तिच्या मागे होत्या त्यांनी चार महिने दिवसा दिवे लावले. उरलेल्या कामासाठी घरटी वर्गणी काढली, तिच्यावरून दोन घरांचे बोलणे अजून बंद आहे.

गेल्या वार्षिक सभेत ठराव आला की यापुढे सोसायटीच्या ठेवी किमान तीन बँकांत वाटून ठेवाव्यात, एकीत पाच लाखांच्या वर जाऊ नये, आणि दर तिमाहीला खजिनदाराने प्रत्येक बँकेचे ताळेबंद वाचून सभासदांना कळवावे. ताळेबंद वाचून काय कळते ते मी पीएमसीच्या नफ्याचा आकडा देऊन सांगितले. कुणी ऐकले नाही, किंवा ऐकून सोडून दिले. काकांनी सुचवले, चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी अनुमोदन दिले, ठराव एकमताने मंजूर झाला. मग मी म्हटले की माझी मुदत संपली आहे, आता खजिनदारीसाठी नवे नाव सुचवा. पार्किंगमध्ये एकदम सगळ्यांना आपापल्या घरचा गॅस आठवला.